मोबाईल नंबर म्हणजे माणूस नव्हे!

तुमच्या ऑफिसात चहाच्या वेळी कशावर गप्पा होतात मला माहीत नाही. आमच्यात कुणीतरी "परवाचं ऐकलं का?" म्हणतं, आणि मग चहा गार होईपर्यंत एकाची माहिती दुसऱ्याच्या गळ्यात पडल्याची गोष्ट चालते. हे किस्से आम्ही मुद्दाम गोळा करत नाही हो. एकच चूक माणसं पुन्हा पुन्हा, अगदी आनंदानं करत राहतात आणि किस्से आपोआप साठतात. माझ्याकडे आता एवढे साठलेत की हसू यायचं बंद झालंय. डोकं फिरतं नुसतं!

साताऱ्यात आमची छोटीशी सॉफ्टवेअर कंपनी आहे. शाळा, दवाखाने, मेंढपाळांचे गट, असली आमची गिऱ्हाइकं. मी ज्योती. डेटाबेस माझ्याकडे. मालक निकम सर. माणूस वाईट नाही, दिवाळीला प्रत्येकाच्या घरी स्वतः फराळ घेऊन येतात. पण हट्टी! एकदा म्हणाले की म्हणाले. आणि मोहिते काका, फौजेतून रिटायर झालेले. गिऱ्हाइकाकडे जाऊन सॉफ्टवेअर बसवतात आणि आमच्या वाटच्या शिव्या तेच खातात.

आता भांडण कशावरून, तेही सांगते. कॉम्प्युटरात नोंदींचा तक्ता असतो, त्याला आम्ही टेबल म्हणतो, आणि त्यातल्या प्रत्येक नोंदीला एक ओळख लागते. तिला प्रायमरी की म्हणतात. तुमच्या तपासण्या, औषधं, मार्क, सगळं त्या ओळखीला बांधलेलं असतं. ही ओळख दोन तऱ्हांनी देता येते. एक तर माणूस जे घेऊन येतो त्यातलंच काहीतरी धरायचं. नाव, मोबाईल, हजेरी नंबर, काहीही. नाहीतर मशीननं आपला एक कोरा नंबर द्यायचा, ज्याला बाहेरच्या जगात काडीचा अर्थ नाही. अर्थ नाही, म्हणून तो बदलायचं कारणही नाही. मी या कोऱ्या नंबरवाली. सर पहिल्या पार्टीचे. "ज्या नंबरला अर्थच नाही तो ठेवायचा कशाला? फुकट जागा अडते," असं म्हणतात. जागा! आजच्या काळात जागा!

इतकी वर्षं मी कुरकुर करून गप्प बसायची. पण आटपाडीकडच्या एका मोठ्या दवाखान्याचं काम आलं आणि सरांनी मीटिंगमध्ये जाहीर केलं, "पेशंटची की मोबाईल नंबर. विषय संपला."

मी म्हणाले, "सर, हे टेबल माझ्या हातून होणार नाही. करायचंच असेल तर माझा राजीनामा घ्या."

घरी नवरा म्हणाला, "अगं, एका नंबरासाठी नोकरी सोडतेस?"

हो, सोडते! का, ते ऐका आता.

* * *

रहिमतपूरकडच्या एका शाळेचं सॉफ्टवेअर. तिथं सरांनी की काय धरली? इयत्ता, तुकडी आणि हजेरी नंबर! "यापेक्षा युनिक काय असणार?" म्हणे.

दिवाळीपर्यंत सगळं छान चाललं. मग एका तुकडीत आवळे नावाची नवीन मुलगी आली. शाळेच्या पद्धतीप्रमाणे ती आडनावानं वरती बसली आणि बाकीचा अख्खा वर्ग एकेक नंबर खाली सरकला. मुलं सरकली, पण त्यांची माहिती जागच्या जागी! प्रत्येकाची उंची, वजन, लशी, मार्क शेजारच्याच्या नावावर.

मुख्याध्यापिकाबाईंचा फोन माझ्यावर आला. "आवं म्याडम, दिवाळीच्या सुट्टीत आमची पोरं वाढत्यात. तुमच्या कंप्युटरात ती बुटकी कशी झाली?"

मी सरांना म्हणाले, बघा. सर म्हणाले, "त्यांना सांग, वर्षाच्या मध्ये ॲडमिशन देऊ नका."

म्हणजे चूक कुणाची? आवळेची!

* * *

माण तालुक्यातल्या मेंढपाळांचं काम तर मला आवडलेलं. मेंढरांच्या लशींच्या नोंदी ठेवायच्या होत्या. मेंढराच्या कानाला नंबराचा बिल्ला असतो, तोच सरांनी की म्हणून धरला. बिल्ल्यावर नंबर, कॉम्प्युटरात नंबर, झालं काम.

आता मेंढरं चरतात कुठं? बाभळीत. बिल्ले तुटतात, पडतात. आणि तिथल्या माणसांना वस्तू वाया घालवायची सवय नाही. पडलेला बिल्ला सापडला की ते तो पुसून ज्या मेंढराच्या कानात नाही त्याच्या कानात अडकवतात, मग ती मेंढी असो नाहीतर एडका. मेंढरू विकलं तर बिल्ला काढून घेतात. चांगला बिल्ला आहे, कशाला द्यायचा?

काही महिन्यांनी आमच्या रिपोर्टमध्ये एक एडका व्यायला. जुळी!

जनावरांच्या डॉक्टरांनी तो रिपोर्ट बघितला आणि गटाच्या प्रमुखांना विचारलं. ते मामा म्हणाले, "सायेब, एडका लय चांगला हाय आमचा, पर एवडा न्हाई."

मी रागानं तो कागद सरांच्या पुढ्यात आपटला. सरांनी चष्मा लावला, नीट वाचला आणि म्हणाले, "रिमार्कचा कॉलम ठेवलाय ना आपण? त्यात लिही, अपवादात्मक."

* * *

एकदा मोहिते काका माझ्या बाजूनं बोलले. फार बरं वाटलं हो त्या दिवशी!

सर आणि मी भांडत होतो, काका चहा ओतत होते. ते म्हणाले, "सर, पोरगी म्हणती ते खरं हाय. फौजेत बघा. भरती झाला की एक नंबर. नाव इचारत न्हाईत, गाव इचारत न्हाईत. मरेपातूर त्योच नंबर."

मी टाळीच वाजवली. "ऐका सर! फौजेला कळतं ते आपल्याला कळत नाही."

सर शांतपणे म्हणाले, "काका, तुमचा नंबर काय हो?"

काका म्हणाले, "कंचा सांगू? जवान हुतो तवाचा, का सुभेदारीत आल्यावरचा?"

त्या दिवशी सर संध्याकाळपर्यंत हसत होते. मी घसा फोडून सांगत होते की अहो, नंबरात हुद्दा घातला म्हणूनच तो बदलला, माझंच म्हणणं सिद्ध झालं! पण ऐकतंय कोण.

* * *

मोबाईल नको तर मग नाव घेऊ, असाही एक प्रयोग झालाय. सर म्हणाले, "ज्योती, तुझ्यासाठी मी माघार घेतो. नाव, वडिलांचं नाव, आडनाव आणि गाव. चारी एकत्र. आता तर कुणी दुसरा निघणार नाही ना?"

अहो, तुम्ही कुठं राहता सर? आपल्याकडे नातवाला आजोबांचं नाव ठेवतात!

एका गावात विठोबा ज्ञानू माने होते. त्यांच्या मुलाचं नाव ज्ञानू विठोबा माने, विठोबांनी आपल्या वडिलांचं नाव पुढं चालवलेलं. आणि त्या ज्ञानूला मुलगा झाला, त्याचं नाव? विठोबा ज्ञानू माने! तेच नाव, तेच वडिलांचं नाव, तेच गाव, तेच घर. आजोबा आणि नातू कॉम्प्युटरात एक झाले.

आरोग्य शिबिराच्या चिठ्ठ्या निघाल्या. मोतीबिंदूची चिठ्ठी निघाली नातवाची. तो पाळण्यात. आणि पोलिओची निघाली आजोबांची!

कहर म्हणजे आजोबा आले. पांढरं धोतर, फेटा, हातात चिठ्ठी. लहान लेकरांच्या रांगेत उभे राहिले. नंबर आल्यावर नर्सबाई म्हणाली, "बाबा, तुमी कशाला आलाय?"

"बलीवलं म्हणून आलो की. दोन थेंबच हायत म्हणली सून, घेऊन टाका." आणि आजोबांनी आ केला.

सगळे हसले. मीही हसले. पण चिठ्ठी नातवाची म्हणून मोतीबिंदूचं ऑपरेशन त्यांचं पुढं ढकललं गेलं आणि तो म्हातारा पुढच्या शिबिरापर्यंत भिंतीला हात लावत चालत राहिला. ते आठवलं की हसणं थांबतं.

* * *

हे आपलं घरचं. आमच्या स्वतःच्या हजेरीच्या सॉफ्टवेअरमध्ये की कसली? पूर्ण नाव! माझं लग्न झालं, नाव बदललं, आणि मशीनच्या लेखी नवीन बाई कामाला लागली. जुनी ज्योती लग्नाच्या रजेवर गेली ती गेलीच.

महिन्याभरानं मला ईमेल आला. आपण विनापरवानगी गैरहजर आहात, लेखी खुलासा करा. मी सरांच्या समोरच्या खुर्चीत बसले होते! म्हटलं, "सर, हे काय?"

सर म्हणाले, "सिस्टीम आहे ती. खुलासा देऊन टाक."

दिला मग. लिहिलं, "सदर मुलीचं लग्न झालं असून ती आता परत येणार नाही. तिच्या जागी मला घ्यावं, ही विनंती."

सरांनी मंजूर म्हणून सही केली.

* * *

इथवर चेष्टा होती. आता मोबाईलचं ऐका. मागं माणमधल्या एका छोट्या दवाखान्याला आम्ही हेच करून दिलं होतं. मोबाईल नंबर ही की.

तिकडचे पुरुष बरेचसे मुंबईला. घरात फोन असला तरी दवाखान्यात नंबर सांगायचा झाला की बायका मुंबईवाल्याचाच सांगतात, कारण तोच सगळ्यांना पाठ. एका घरात थोरला मुलगा मुंबईला माथाडीत. त्याच्या बायकोनं ताप आला तेव्हा त्याचा नंबर दिला. पुढं धाकट्या जावेला दिवस गेले, तिनंही तोच नंबर दिला. मशीनला काय, नंबर तोच म्हणजे बाई तीच!

मुंबईत त्याला मेसेज गेला. बायकोचं नाव आणि पुढं, पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीला यावे.

तो माणूस गावच्या यात्रेनंतर घरी आलाच नव्हता, आणि यात्रा होऊन वर्ष होत आलं होतं. तो मिळेल त्या एसटीनं निघून आला. आई दारातच म्हणाली, "आलास व्हय रं? बरं झालं, पेढं आणलंस का?" त्यानं आईकडे बघितलंसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी त्याच्या बायकोनं दवाखान्यातून आमचा नंबर घेऊन फोन केला. मी उचलला. म्हणाली, "त्यांनी मला काय काय इचारलं, ते मी तोंडानं सांगणार न्हाई. जाऊबाईला दाखवलं तवा गप बसले. पर तुमचं मशीन माझ्या संसारात कशाला घुसलं?"

माफी मागितली.

सरांना सांगितलं. ते म्हणाले, "मेसेजमध्ये नाव घालायला नको. नुसतं 'पेशंट' लिहू."

* * *

आणि त्याच दवाखान्यातली ही दुसरी. सुनीता म्हणून एक पेशंट होती. तिला एका इंजेक्शनची रिॲक्शन यायची. एकदा अंगभर गांधी उठून श्वास अडकला होता. डॉक्टरांनी तिच्या नोंदीत ठळक लिहून ठेवलं, हे इंजेक्शन देऊ नये.

पुढं तिची सासू गुडघे दाखवायला आली. घरातला नंबर एकच. काउंटरवरच्या पोरीनं नंबर टाकला, सुनीताची नोंद उघडली. तिनं नाव खोडलं, सासूचं लिहिलं. वय बदललं. ॲलर्जी आहे का विचारलं. सासूबाई म्हणाल्या, "मला काय धाड भरलीया!" पोरीनं ती ओळ पुसून टाकली. पोरीचं काय चुकलं? तिला नवीन नोंद करायला मशीन देतच नव्हतं!

नंतर सुनीता ताप घेऊन आली. नंबर टाकला, सासूची नोंद आली, पोरीनं पुन्हा नाव बदललं. ॲलर्जीचा रकाना कोरा. इंजेक्शन भरलं गेलं. सुई टोचायच्या आधी नर्सबाईंनी सवयीनं विचारलं, "कुठल्या औषधाचा तरास न्हाई ना?" आणि सुनीता म्हणाली, "हाय की. तुमीच लिवून घेतलंय."

नर्सबाईंनी हात मागं घेतला. त्यांच्या सवयीमुळं बाई वाचली, आमच्यामुळं नाही.

हे सांगताना मी सरांच्या केबिनमध्ये रडले. लाज कसली त्यात! सर म्हणाले, "वाचली ना? मग! नर्सना ट्रेनिंग देऊ."

तर आता सांगा, आटपाडीच्या दवाखान्याला मी पुन्हा तेच टेबल करून देऊ? आधार नंबरही नको म्हणते मी, कारण काल जन्मलेल्या बाळाला तो कुठून आणायचा, आणि ॲक्सिडेंटमध्ये बेशुद्ध आलेल्याला कोण विचारणार? कोरा नंबर द्या. दारातून जो येईल त्याला त्याचा त्याचा. मोबाईल लिहून घ्या की, हवे तेवढे लिहा, पण ती माहिती आहे. माणूस नाही!

सर म्हणाले, "तुझा राजीनामा मिळाला." आणि टेबल स्वतः करायला बसले.

* * *

नोटीसचा महिना संपत आला होता. आटपाडीला डेमो होता. सर म्हणाले, "शेवटचं काम म्हणून चल." गेले. मोहिते काका गाडी चालवत होते.

दवाखाना मोठा, स्वच्छ. जुन्या पेशंटांची सगळी माहिती सरांनी आधीच मोबाईल नंबरवर चढवून ठेवली होती. काउंटरवर शोभाताई बसायच्या, वयानं मोठ्या, शिस्तीच्या बाई. सकाळभर सरांनी त्यांना शिकवलं. "स्क्रीनवर येईल तसं करायचं. आपलं डोकं चालवायचं नाही." शोभाताईंनी मान डोलावली.

दुपारी मोठे डॉक्टर आले, मागं सगळा स्टाफ. सर एकदम फॉर्मात. "डॉक्टर, पेशंटला काही लक्षात ठेवायची गरज नाही. नुसता मोबाईल नंबर सांगायचा, सगळी कुंडली समोर! थांबा, मीच पेशंट होतो. शोभाताई, घ्या माझा केसपेपर." आणि त्यांनी आपला मोबाईल नंबर सांगितला. आठवड्यापूर्वीच घेतलेलं नवीन सिम, शेवटी एकसारखे आकडे असलेलं. सगळ्यांना कौतुकानं सांगत होते.

शोभाताईंनी नंबर टाकला. नोंद उघडली.

बाजीराव गोविंद सरगर. वय ऐंशीच्या पुढं. दम्याचा त्रास. खाली लाल अक्षरात, मयत.

सर हसले. "काहीतरी टायपिंगची चूक. पुन्हा टाका." पुन्हा टाकला. बाजीराव सरगर. मयत. सरांनी स्वतः कीबोर्ड ओढला आणि 'नवीन केसपेपर' दाबलं. स्क्रीनवर सरांनीच घातलेला मेसेज आला, मयत रुग्णाच्या नावे केसपेपर काढता येत नाही. नातेवाइकांशी संपर्क साधावा.

मोठे डॉक्टर पुढं वाकले. "हे आमचेच पेशंट हुते. दोन वर्षं झाली त्यांना जाऊन. त्यांचा नंबर मोबाईल कंपनीनं तुमाला दिला असणार." मग त्यांचा आवाज बदलला. "म्हणजे उद्या ह्यो नंबर घेऊन दुसरा कोण जिता माणूस आला, तर माझ्या सिस्टरांना दम्याची औषधं दिसणार? आणि त्याचं स्वतःचं काहीच न्हाई?"

मी म्हणाले, "होय डॉक्टर."

"कुणी ठरवलं हे?"

मी खिडकीबाहेर बघत राहिले. मोहिते काका खोकले.

"आमच्यात हे असं बसणार न्हाई," डॉक्टर म्हणाले. "माणसं मरत्याल ह्यानं. नीट करा, न्हाईतर घेऊन जावा."

सरांनी कपाळ पुसलं. "करतो डॉक्टर. प्रत्येक पेशंटला वेगळा नंबर. ज्योतीमॅडम करतील." इतक्या वर्षांत पहिल्यांदा मॅडम!

मी म्हणाले, "सर, उद्या माझा शेवटचा दिवस आहे."

"कसला शेवटचा? राजीनामा मिळाला म्हणालो होतो, मंजूर केला कधी म्हणालो?"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं की राग आला, मलाच कळेना. तेवढ्यात इतका वेळ स्क्रीनकडे एकटक बघत बसलेल्या शोभाताईंनी मान वर केली, चष्म्यावरून सरांकडे बघितलं, आणि दवाखान्यात बोलतात तशा हळू, जपून आवाजात विचारलं,

"साहेब, तुमच्याबरोबर नातेवाईक कोण आलंय का?"